आकडे दाखवले की स्थलांतराबद्दलचं मत बदलतं?

सरळरेघ
काल इथे एकाने लिहिलं, "स्थलांतराला विरोध करणारे अज्ञानी आहेत. खरे आकडे तोंडावर मारा, विरोध मावळेल." दोन ओळींच्या प्रतिसादात माझा राग मावेना, म्हणून वेगळा धागा.

अलेसिना, मियानो आणि स्टँचेवा या अर्थतज्ज्ञांनी अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, इटली, स्वीडन या 6 देशांत लोकांना विचारलं, तुमच्याकडे स्थलांतरित किती? सगळीकडे फुगवलेलं उत्तर. अमेरिकेत कायदेशीर स्थलांतरित साधारण 10 टक्के, लोकांचा अंदाज 36. मग काहींना खरा आकडा सांगितला. गरिबांना सरकारने किती मदत करावी याबद्दलची त्यांची मतं त्याने मदतीच्या बाजूने झुकली नाहीत. कष्टाळू स्थलांतरिताबद्दल सांगितलं तेव्हा जरा फरक पडला.

आपलं कोण आणि परकं कोण, हे माणूस आधी ठरवतो. आकडा नंतर येतो. समोरच्याला न्यायाची, निष्ठेची, शिस्तीची चाड असेल तर ते अज्ञान कसं?

जुनी वही
-१. मूल्यांच्या नावाखाली काहीही खपवायचं का? 10 चे 36 होतात ते निष्ठेपोटी नाही, कोणीतरी रोज कान भरतं म्हणून. ग्रिगोरिएफ, रॉथ आणि उबफाल यांच्या अभ्यासात खरं प्रमाण सांगितल्यावर "फार झाले" म्हणणारे कमी झाले. आकडे सोडून दिले तर जो मोठ्याने ओरडेल त्याचंच राज्य.

तिसरी पाळी
आकडेवाल्यांनी एकदा कारखान्यात येऊन बघावं. आम्ही स्वतः बाहेरून या देशात आलेलो. बाबांनी 19 वर्षं रात्रपाळी केली. मग कंत्राटदाराने नवीन आलेली माणसं निम्म्या दरात भरली. आधी ओव्हरटाइम गेला, मग पाळीच गेली. आणि शिकलेले लोक आम्हाला सांगतात, पगारावर परिणाम होत नाही!

जुनी वही
तुमच्या बाबांचं वाईट वाटतं, पण एका घरावरून धोरण ठरत नाही. 1980 मध्ये क्युबाच्या मारिएल बंदरातून काही महिन्यांत सव्वा लाख माणसं अमेरिकेत आली, त्यातली निम्मी मायामीत राहिली. तिथले कामगार 7 टक्क्यांनी वाढले. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्डने 1990 मध्ये हिशेब मांडला, तर स्थानिकांच्या मजुरीवर परिणाम जवळजवळ नाही. त्याला 2021 मध्ये नोबेल मिळालं.

तिसरी पाळी
अर्धीच गोष्ट सांगू नका. बोर्हास या दुसऱ्या अर्थतज्ज्ञाने तेच मायामी पुन्हा तपासलं आणि शाळा अर्धवट सोडलेले पुरुष वेगळे काढले. त्यांची मजुरी 10 ते 30 टक्के घसरलेली निघाली. बाबा आठवी पास आहेत.

जुनी वही
त्याने लॅटिनो वगळले, बायका वगळल्या, मग हाताशी उरली मूठभर माणसं. पेरी आणि यासेनोव्ह यांनी पुन्हा पाहिलं तेव्हा घसरण सापडली नाही. इतकी गाळणी लावली तर हवं ते उत्तर निघतं.

तिसरी पाळी
म्हणजे माझे बाबा गाळणीत अडकलेला कचरा?

सरळरेघ
दोघेही थांबा. तुम्ही मायामीवर भांडताय, पण कोणाची मजुरी मोजायची यावर भांडण आहे. सगळ्यांची सरासरी, की सर्वात खालच्याची? हे आकडा सांगत नाही. मी तेच म्हणतोय.

कासवगती
अवांतर वाटेल, पण रांगेबद्दल कोणीच का बोलत नाही? मी अमेरिकेत 11 वर्षं ग्रीन कार्डासाठी थांबलोय. नोकरीवर आधारित कार्डांत एका देशाला साधारण 7 टक्क्यांची मर्यादा, मग तो देश इवलासा असो की आपल्याएवढा. प्रत्येक कागद वेळेत दिला, कर भरला. मुलगी 21 ची होईल त्या दिवशी ती माझ्या अर्जातून बाहेर पडू शकते. तिच्या खोलीतल्या कॅलेंडरवर तिने स्वतः ती तारीख गोल केली आहे. बेकायदा आलेल्यांना माफी द्या म्हटलं की माझं डोकं फिरतं. मला परका म्हणून कोणाचा राग नाही. रांग मोडल्याचा आहे.

जुनी वही
रांग मोडणाऱ्याने तुमची जागा घेतलेली नाही, ती कायद्याने अडवली आहे. राग तिकडे वळवा. पण मुलीची तारीख वाचून मी गप्प झालो, हे मान्य करतो. 21 चा नियम मला माहीत होता, तरी असा कधी दिसला नव्हता.

सरळरेघ
कॅला आणि ब्रूकमन या संशोधकांनी अमेरिकेत दारोदारच्या गप्पांचे प्रयोग केले. न हिणवता एकमेकांचे अनुभव सांगितले-ऐकले, तेव्हा कागदपत्रं नसलेल्यांबद्दलचा विरोध थोडा पण टिकाऊ कमी झाला. नुसते युक्तिवाद ऐकवून तसं झालं नाही.

जुनी वही
ठीक, आकडा एकटा पुरत नाही, एवढं घ्या. पण तिसरी पाळी, तुमच्या घरातला राग शेवटी परक्या माणसांवरच निघाला ना?

तिसरी पाळी
बाबांना ओळखत नाही तर बोलू नका. त्या नव्या पोरांपैकी एकाला पहिल्या आठवड्यात कोणी हातमोजे दिले नव्हते. गरम पत्र्याने त्याची बोटं सोलली. बाबांनी कपाटातली स्वतःची जास्तीची जोडी त्याला दिली, कसे घालायचे ते खुणेने दाखवलं, कारण एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती. आणि त्या वर्षी मत सीमा बंद करू म्हणणाऱ्या पक्षालाच दिलं. मी चिडून विचारलं तर म्हणाले, "त्या पोराचं माझ्याशी काही वाकडं नाही. कंत्राटदाराचं आहे."