प्रतिसाद: देवमासा पाणघोड्यापासून झाला?

वर कुणीतरी म्हटलंय, देवमासा पाणघोड्यापासून झाला. तसं नव्हे. आज हयात असलेल्यांत पाणघोडा त्याचा सगळ्यांत जवळचा भाऊबंद, पूर्वज नाही. त्याहून जवळचा नातेवाईक जम्मूतल्या कालाकोटजवळ सापडला: इंडोहायस, सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, जेमतेम मांजराएवढा खुरवाला प्राणी. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जमवलेले जीवाश्मांचे दगड त्यांच्या पश्चात जीवाश्मतज्ज्ञ थेविसन यांच्याकडे गेले. त्यातली इंडोहायसची कवटी साफ करताना कानाचं हाड चुकून मोडलं (नशीबच म्हणायचं!) आणि आतली जाड कड दिसली, देवमाशांची खास खूण. २००७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पायांची हाडंही जाड, जड; अशी हाडं पाण्याखाली राहायला मदत करतात. म्हणजे स्वारी पाण्यात वावरत असणार. अर्थात हाही पूर्वज नव्हे, चुलत घराणंच.