मोशेचा पेटारा शिकवताना मिसरचे लोक मुलांना कसे दाखवायचे?

अंगणवाडीच्या बाई

सर्वांना जय ख्रिस्त, आणि इथल्या बाकी मंडळींना नमस्कार.

मी अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडीत काम करते आणि गेली ११ वर्षं आमच्या चर्चमध्ये रविवारची शाळा घेते. वर्गात ७ ते ११ वयाची १९ मुलं आहेत. त्यातल्या सहा जणांचे आईवडील गावाबाहेरच्या वीटभट्टीवर जातात. दिवाळीनंतर भट्टी सुरू झाली की ही मुलंही सकाळी विटा उलट्या करायला जातात आणि हातापायाला माती तशीच घेऊन वर्गात येतात.

येत्या तीन रविवारी मला बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातली बाळ मोशेची गोष्ट घ्यायची आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इब्री, म्हणजे इस्राएली लोकांच्या घरी मुलगा झाला की नदीत टाका, असा फारोचा, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) राजाचा हुकूम असतो. एक आई तीन महिने बाळ लपवते. मग लव्हाळ्याच्या पेटाऱ्याला डांबर आणि राळ चोपडून त्यात बाळ ठेवते आणि पेटारा नदीकाठच्या लव्हाळ्यात सोडते. बाळाची बहीण लांबून बघत उभी राहते. अंघोळीला आलेली फारोची मुलगी पेटारा उघडते, बाळ रडत असतं, तिला कळवळा येतो.

गेल्या वर्षी हीच गोष्ट मी घेतली होती. रंगवायला दिलेल्या चित्रात सगळे मिसरी डोळे वटारलेले, हातात चाबूक. शेवटी विचारलं, गोष्टीतून काय समजलं? पहिलाच हात वर करणारा मुलगा म्हणाला, "मिसरी लोक वाईट असतात." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला फार लागलं ते. ज्या गोष्टीत बाळाला उचलणारी बाईच मिसरी आहे, त्या गोष्टीतून मुलांनी हे घेतलं, म्हणजे सांगण्यात माझंच चुकलं.

त्याच दिवशी आठ वर्षांची एक मुलगी, भट्टीवरच्याच घरातली, चप्पल घालता घालता म्हणाली, "बाई, बाकीच्या बाळांचं काय झालं?" मी "पुढच्या वेळी सांगते" म्हटलं आणि ती पुढची वेळ काही आणली नाही. यंदा ती पुन्हा वर्गात आहे.

आणखी एक अडचण. शाळेच्या पुस्तकात 'इजिप्त' आणि 'नाईल', बायबलमध्ये 'मिसर' आणि नुसती 'नदी'. माझ्या अर्ध्या वर्गाला हे दोन वेगळे देश वाटतात.

मला मिसरची साधी माणसं दाखवायची आहेत. ती कशात राहायची, काय खायची, पोरांना काय घालायची? पेटारा वर्गात करता येईल का? आणि त्या मुलीला काय उत्तर देऊ? आमच्याकडच्या एका वडीलधाऱ्यांचं म्हणणं आहे की देवाच्या लोकांना छळणाऱ्यांचं कौतुक मुलांना कशाला सांगायचं. मला ते पटत नाही, पण त्यांना नीट उत्तरही देता येत नाही.

---

गोदाकाठचे सर

बाई, ३१ वर्षं इतिहास शिकवला, म्हणून पहिल्यांदा एक सांगतो. पिरॅमिड काढून टाका. चित्रात पिरॅमिड बांधणारे इब्री गुलाम दाखवतात, ते चूक आहे. गिझाचा मोठा पिरॅमिड खुफू राजाचा, आजपासून साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. मोशेचा काळ कोणी कसाही धरला तरी पिरॅमिड त्याच्या हजार वर्षांहून आधीचा निघतो. शिवाय तो बांधणाऱ्या मजुरांच्या कबरी १९९० पासून तिथेच सापडल्या आहेत, मानाने पुरलेल्या. निर्गमात पिरॅमिडचं नावही नाही. तिथे आहेत पिथोम आणि रामसेस ही कोठारांची नगरं, आणि विटा.

विटांनीच सुरुवात करा. तुमच्या सहा मुलांना ते बाकी कोणाहीपेक्षा जास्त कळतं. नाईलचा गाळ, पाणी आणि बारीक तोडलेला भुसा तुडवायचा, लाकडी साच्यात घालायचा, साचा उचलायचा आणि वीट उन्हात वाळवायची. घरांसाठीची ही वीट भाजायची नाही, कच्चीच. भुशामुळे वाळताना तडा जात नाही. थेब्समध्ये रेखमिरे नावाच्या वजिराच्या कबरीत हे सगळं भिंतीवर रंगवलेलं आहे: तळ्यातून पाणी भरणारे, माती कालवणारे, साचा उचलणारा आणि काठी घेऊन बसलेला मुकादम. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं चित्र आहे. छापून आणा आणि मुलांनाच विचारा, कोण काय करतंय.

घरंही त्याच विटांची. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचं. जेवण म्हणजे भाकरीसारखा रोट, कांदा, मासे आणि जवाची दाट बिअर. अंगावर जवसाच्या झाडाच्या धाग्याचं तागासारखं कापड. लहान मुलांचं डोकं भादरून एका बाजूला एकच बट ठेवायचे. त्या बटेत माशाच्या आकाराचं लोलक अडकवायचे, पोर नदीत बुडू नये म्हणून. हे मुलांना नक्की सांगा. नदीची धास्ती मिसरी आईलाही होती.

पेटाऱ्याबद्दल. मिसरचं लव्हाळं म्हणजे पपायरस. आपल्या रानातला चिवट लव्हाळा त्याच्याच कुळातला, फक्त पपायरस दोन पुरुष उंच वाढतो. मुलांना बांधावरचा लव्हाळा उपटून आणायला सांगा आणि दांडा बोटांत धरून फिरवायला लावा. गोल लागत नाही, तीन कडा लागतात. पपायरसचंही तसंच. त्याच्या जुड्या बांधून ते होड्या करत, चपला आणि चटया विणत, पातळ काप काढून कागद करत.

तुमच्या वडीलधाऱ्यांसाठी एक सांगतो. मिसरी लोक मेलेल्या माणसाबरोबर पपायरसची गुंडाळी ठेवत. त्यात मेलेला माणूस देवांसमोर आपण काय चांगलं केलं ते सांगतो: भुकेल्याला भाकर दिली, तहानलेल्याला पाणी दिलं, उघड्याला वस्त्र दिलं, आणि ज्याच्याकडे होडी नव्हती त्याला होडी दिली. मत्तयाच्या २५ व्या अध्यायात येशू जवळजवळ हेच म्हणतो, तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. आमेनेमोपे नावाच्या त्यांच्या लेखनिकाने आपल्या मुलासाठी लिहिलं आहे की आंधळ्याला हसू नये, ठेंगण्या माणसाची चेष्टा करू नये. फारोच्या मुलीच्या कानावर लहानपणापासून असलंच काही पडत आलं असणार, असं मी मानतो.

---

अश्दोदहून

बाई, शालोम. मी बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारी ज्यू, माहेर अलिबागजवळचं, इथे इस्राएलला येऊन ४० वर्षं झाली. ही गोष्ट आमच्या घरची आहे. पेसाहच्या रात्री आम्ही मिसरमधून सुटल्याची कहाणी वाचतो. त्या पोथीला हागादा म्हणतात. पुण्यात १८७४ साली हिब्रू आणि मराठीत छापलेली हागादा आहे.

त्या रात्री मिसरवर आलेल्या दहा पीडांची नावं घेताना आम्ही दर नावाला प्याल्यातला एक थेंब बाहेर काढतो. आमच्याकडे काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत असायचं. आई माझं बोट धरून थेंब बशीत टाकायला लावायची आणि म्हणायची, त्यांचीही माणसं मेली, आपला प्याला काठोकाठ भरलेला नको. मी सहा वर्षांची असेन. बशीतले ते दहा काळे ठिपके अजून डोळ्यांसमोर आहेत.

त्या वडीलधाऱ्यांना बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा २३ वा अध्याय दाखवा. मिसऱ्याचा तिरस्कार करू नको, कारण तू त्याच्या देशात उपरा होतास, असं मोशेच्याच तोंडचं तिथे आहे.

फारोच्या मुलीला आमच्या परंपरेत बित्या म्हणतात, म्हणजे देवाची लेक. मोशे हे नाव तिनं ठेवलेलं. आईनं काय नाव ठेवलं होतं ते गोष्टीत येतही नाही. पुढे देव त्याला हाक मारतो तीही या परक्या बाईनं दिलेल्या नावानं.

मुलांना आवडेल असं एक आणखी. पेटारा कोणी आणला, यावर आमच्या जुन्या पंडितांचा वाद आहे. मूळ शब्दाचा एक अर्थ दासी, दुसरा अर्थ हात. काही म्हणतात दासीला पाठवलं. काही म्हणतात तिनं स्वतःच हात पुढे केला, पोहोचणार नव्हता, आणि तो लांबत लांबत पेटाऱ्यापर्यंत गेला. माझ्या नातवंडांना ही दुसरी गोष्ट पन्नास वेळा सांगून झाली आहे.

---

उपकेंद्रातली सिस्टर

मी एएनएम आहे, बाळंतपणं करते. बाकीच्या बाळांबद्दल विचारणाऱ्या मुलीला खोटं सांगू नका, एवढंच माझं म्हणणं. पुष्कळ बाळं गेली, असंच सांगा. पण आधी पहिला अध्याय घ्या. शिप्रा आणि पुवा या दोन सुइणींना फारोनं मुलगे मारायला सांगितलं होतं. त्यांनी मारले नाहीत, आणि राजासमोर उभं राहून इब्री बायका आम्ही पोहोचायच्या आतच बाळंत होतात असं सांगितलं. म्हणजे बाकीची सगळीच गेली नाहीत. काही त्या दोघींच्या हातून वाचली.

त्या काळी मिसरच्या बायका विटांवर उकिडव्या बसून बाळंत व्हायच्या. आबिदोसला २००१ साली अशी एक रंगवलेली वीट सापडली. तिच्यावर बाळ हातात धरलेली आई आहे. तुमच्या भट्टीवरच्या मुलांना हेही सांगा.

---

अंगणवाडीच्या बाई

सर, ताई, सिस्टर, तुमचे कसे आभार मानू? दोन रविवार झाले, काय झालं ते सांगते.

पहिल्या रविवारी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: मिसर म्हणजेच इजिप्त. मग रेखमिरेच्या कबरीचं चित्र दिलं. मी तोंड उघडायच्या आत भट्टीवरचा एक मुलगा उठला. हा माती कालवतोय, ह्यानं साचा काढला, हा नुसता बसलाय तो मुकादम. एरवी हा मुलगा वर्गात बोलत नाही. भुसा कशाला घालतात विचारलं तर म्हणाला, "आमच्याकडं तूस आणि बगॅस घालत्यात, नायतर वीट फुटती." त्या दिवशी वर्ग त्यानंच घेतला.

शिप्रा आणि पुवा त्याच दिवशी झाल्या. त्या मुलीला मी सगळ्यांसमोर सांगितलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी वर्षभर दिलं नाही, पुष्कळ बाळं मेली. वर्ग एकदम शांत झाला. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं." मग सुइणींची गोष्ट सांगितली. त्या खोटं बोलल्या का, यावर पोरं बराच वेळ भांडली. मी मध्ये पडले नाही.

दुसऱ्या रविवारी पेटारा. लव्हाळा सगळ्यांनी आणला, तीन कडा सगळ्यांनी चाचपल्या, पण आपला लव्हाळा विणायला तोकडा पडतो. म्हणून बुरुडाकडून चार लहान परड्या आणल्या. एक तशीच ठेवली, एकीला शेणमाती सारवली, एकीला मेणबत्तीचं मेण आणि एकीला डांबर. डांबर मी घरूनच लावून आणलं, पोरांच्या हाती दिलं नाही. प्रत्येकीत एक किलो तांदळाची पिशवी बाळ म्हणून ठेवली आणि मोठ्या घमेल्यात सोडल्या. कोरी लगेच बुडाली. शेणमातीची थोडा वेळ तरली, मग पाणी गढूळ झालं आणि तीही गेली. मेणाची एका बाजूनं पाझरायला लागली. डांबराची उपासना संपेपर्यंत तरंगत होती. मुलं सारखी पिशवीखाली हात घालून बघत होती, ओलं झालं का. एक जण म्हणाली, "बाळाच्या आईनं किती वेळा हात घालून बघितलं असेल." मला यापुढे त्या आईबद्दल काही सांगावं लागलं नाही.

ज्या मुलानं गेल्या वर्षी मिसरी वाईट म्हटलं होतं, त्याला मी फारोची मुलगी काय काय करते ते मोजायला सांगितलं. ऐकलं, उघडलं, ओळखलं, दाई ठरवली, पैसे देते म्हणाली, नाव ठेवलं. सहा बोटं झाली. तो म्हणाला, "आणि बापाला सांगितलं नाही." सातवं.

लांब होणाऱ्या हाताची गोष्ट सांगितल्यावर सगळ्यांनी बाकावर आडवं होऊन घमेल्याकडे हात लांब करून बघितले. वडीलधारे दारात उभे होते. अनुवादाचा २३ वा अध्याय त्यांनी माझ्याकडून मागून घेतला. अजून काही बोलले नाहीत.

आता तिसऱ्या रविवारचं. बाळाची खरी आईच दाई म्हणून येते आणि फारोची मुलगी तिला मजुरी देते, इथे आम्ही थांबलो आहोत. भट्टीवरच्या मुलांनी विचारलं, किती दिली? मी म्हटलं, लिहिलेलं नाही. मग कशात दिली? आणि बाकीच्या बाळांबद्दल विचारणाऱ्या माझ्या त्या मुलीनं विचारलं, "तिनं उचल घेतली होती का?" उचल म्हणजे भट्टीवर कामाआधीच घेतलेली आगाऊ मजुरी.

सर, तेव्हा नाणी नव्हती ना? मजुरी धान्यात देत असतील तर किती, ते कळवाल का?

---

गोदाकाठचे सर

नव्हती. राजांच्या कबरी खोदणारे कारागीर देर अल-मदिना नावाच्या गावात राहत, त्यांचे हिशेब सापडले आहेत. एका कारागिराला महिन्याला चार खार गहू आणि दीड खार जव. एक खार म्हणजे सुमारे ७६ लिटर. धान्य वेळेवर आलं नाही म्हणून तिसऱ्या रामसेसच्या काळात त्यांनी काम बंद ठेवल्याचंही लिहिलेलं आहे. दाईचा मान मोठा होता. तुतानखामेन राजाच्या दाईची, माया तिचं नाव, सक्कारा इथे स्वतंत्र कबर आहे, १९९६ साली सापडली. आणि मूल तीन वर्षं अंगावर पितं, असं त्यांच्याच एका उपदेशात आहे. तेव्हा मजुरी तीन वर्षांची धरा.

---

अंगणवाडीच्या बाई

तीन वर्षं बाळ आईजवळ! हे मी कधी मोजलंच नव्हतं. शेजारच्या आजींकडे जुनी पायली आहे, ती मागून आणते. रविवारी मुलांना गहू मापायला लावते.