घर नाकारले गेले, तर समतेचा हक्क कोणाकडे मागायचा? भारत, दक्षिण आफ्रिका आणि अमेरिकेच्या राज्यघटना

प्रश्न: किनारपट्टी

नमस्कार. मी मूळची रत्नागिरी जिल्ह्यातली. गेली सहा वर्षे नोकरीनिमित्त पुण्यात राहते. यंदा मार्चमध्ये भाड्याचे घर शोधत होते. एका एजंटाने फोनवर भाडे, डिपॉझिट, पार्किंग असे सगळे ठरवले आणि शनिवारी घर दाखवण्याची वेळही दिली. फोन ठेवता ठेवता त्याने विचारले, “मॅडम, आडनाव काय आपलं?” मी सांगितले. तो जरा थांबला आणि म्हणाला, “मालकांना विचारून कळवतो.” संध्याकाळी व्हॉट्सॲपवर निरोप आला, की त्या सोसायटीत ‘चालत नाही’. माझे शिक्षण मराठी माध्यमातले, घरात बोलणे मराठीच. पण आडनाव मुसलमानाचे असल्यामुळे विषय तिथेच संपला. त्या महिन्यात असे तीनदा घडले.

त्यानंतर मी संविधानातील अनुच्छेद १५ पुन्हा वाचला. पहिल्या खंडात राज्यसंस्थेने भेदभाव करू नये असे म्हटले आहे. दुसऱ्या खंडात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा उल्लेख आहे, घराचा नाही. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या राज्यघटनेत मात्र कोणत्याही व्यक्तीने अन्याय्य भेदभाव करू नये, असे सरळ लिहिलेले आढळले. मग आपल्या घटनाकारांनी विहिरीपर्यंत येऊन घराच्या उंबऱ्याशी का थांबावे? आणि हाच प्रसंग दक्षिण आफ्रिकेत किंवा अमेरिकेत घडला असता, तर मला दाद मागता आली असती का? सहानुभूतीपेक्षा मला ही रचना समजून घ्यायची आहे.

उत्तर: जुना दिवाणी वकील

ताई, जे घडले ते चुकीचे आहे, हे आधी नोंदवतो आणि मग रचनेकडे वळतो.

अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडातील ती यादी कोणी कार्यालयात बसून केलेली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि तिथले पाणी प्याले. त्यानंतर स्पृश्यांपैकी काही जणांनी दिवाणी दावा लावला. तळे ही सार्वजनिक जागा नसून खाजगी स्वरूपाची मालमत्ता आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची वहिवाट अनादिकाळापासून चालत आली आहे, असा त्यांचा पवित्रा होता. मुंबई उच्च न्यायालयात त्याचा शेवटचा निकाल लागेपर्यंत १९३७ साल उजाडले आणि ती वहिवाट शाबीत झाली नाही. तलाव, विहीर आणि घाट हे शब्द ज्यांनी घटनेत आणले, त्यांना ‘आमची खाजगी जागा आहे’ हे उत्तर कोर्टात कसे दिले जाते याचा दहा वर्षांचा अनुभव होता. तुम्हाला मिळालेले उत्तर त्याच घराण्यातले आहे.

आता कायद्याची बाजू. आपल्या घटनेतील काही अनुच्छेद राज्यसंस्थेबरोबर खाजगी व्यक्तींनाही बांधतात. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, ती सर्वांविरुद्ध. त्याच्या अंमलासाठी आलेल्या नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ४ मध्ये कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, घेणे किंवा वापरणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. शिवाय कलम १२ प्रमाणे पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने गृहीत धरायचे असते. तसे नव्हते हे आरोपीने शाबीत करायचे. म्हणजे घर आपल्या कायद्यात आहे. पण ते एका कारणापुरते आहे. एचआयव्हीबाधितांसाठीच्या २०१७ च्या आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्यांतही भाड्याच्या घराचा उल्लेख आला. धर्मावरून घर नाकारले गेले, तर मात्र असा सर्वसाधारण कायदा नाही.

उलट २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व पारशांपुरते ठेवणारा उपविधी, म्हणजे सोसायटीचा स्वतःचा नियम, वैध ठरवला. एका छोट्या समाजाला एकत्र राहता यावे हा त्यामागचा विचार मी समजू शकतो. परंतु त्या निकालाची ढाल करून मोठ्या संख्येचे समाजही दार लावून घेतात, हे मला आजही खटकते.

उत्तर: जोबर्गकर

मी अकरा वर्षे जोहान्सबर्गमध्ये आहे. तुमचा प्रसंग इथे घडला असता, तर दाद मागण्याची जागा ठरलेली आहे. घटनेच्या कलम ९ च्या चौथ्या पोटकलमाने व्यक्तींवर बंधन घातले आणि त्यासाठी कायदा करणे संसदेला सक्तीचे केले. तो कायदा २००० साली झाला. त्याच्या परिशिष्टात कोणत्या प्रथा अन्याय्य ठरू शकतात याची उदाहरणे आहेत आणि त्यांत घर व जमीन यांचाही समावेश आहे. त्यासाठी समता न्यायालये आहेत. वेगळ्या इमारती नव्हेत, तर नेहमीचीच न्यायालये त्या भूमिकेत बसतात, आणि वकील न घेताही तक्रार करता येते. धर्म हे घटनेत नमूद केलेले कारण असल्यामुळे भेदभाव झाला असे प्रथमदर्शनी दाखवले, की तो अन्याय्य नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी समोरच्यावर जाते.

एक प्रकरण मुद्दाम सांगतो, कारण ते आपल्या ओळखीच्या वस्तूचे आहे. डर्बनमधील एका शाळेत तमिळ हिंदू कुटुंबातील मुलगी नाकात चमकी घालून आली. शाळेच्या नियमात कानातले साधे बारीक दागिने आणि घड्याळ एवढेच चालत होते. नियम सर्वांना सारखाच होता. कोणाचा धर्म किंवा वंश त्यात लिहिलेला नव्हता. समता न्यायालयात ती हरली, उच्च न्यायालयात जिंकली आणि २००७ मध्ये घटना न्यायालयानेही तिच्या बाजूने निकाल दिला. वरकरणी सारखा असलेला नियम प्रत्यक्षात कोणावर जास्त भार टाकतो ते पाहायचे आणि वाजवी सूट देता येत असेल तर द्यायची, ही भूमिका न्यायालयाने घेतली. माझ्या आजीची चमकी मला त्या निकालाच्या वेळी आठवली होती.

भारताच्या घटनेत कारणांची यादी पाच शब्दांची आहे: धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान. इथे अपंगत्व, वय, गरोदरपण, भाषा, लैंगिक कल हेही लिहिलेले आहे. मला वाटते खरा फरक तिथेच पडतो.

उत्तर: तुलनात्मक

जोबर्गकरांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. धर्म आपल्या यादीत पहिला शब्द आहे, तरीही ताईंना घर मिळाले नाही. यादी लांब की आखूड यापेक्षा ती कोणापुढे धरता येते, हे आधी पाहावे लागते.

अमेरिकेचे उदाहरण त्यासाठीच घ्यावे. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीत यादीच नाही. कोणत्याही राज्याने कोणालाही कायद्याचे समान संरक्षण नाकारू नये, एवढेच आहे. परंतु १८८३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती सरकारी कृतीलाच लागू होते असे ठरवले, आणि हॉटेल, नाट्यगृह व आगगाडीतील भेदभावाविरुद्धचा कायदा कोसळला. घरांच्या बाबतीत तर कृष्णवर्णीयांना घर विकणार नाही असे करार खरेदीखतातच लिहिले जात. १९४८ मध्ये न्यायालयाने वाट काढली: करार करणारे खाजगी असले, तरी त्याची अंमलबजावणी करून देणारे न्यायालय हे सरकारच आहे, म्हणून ते असा करार अमलात आणणार नाही. घर नाकारण्यावर सरळ बंदी यायला १९६८ चा कायदा लागला, तोही डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात. त्यात धर्म होता; लिंग १९७४ मध्ये आले, अपंगत्व १९८८ मध्ये. कॅनडाच्या घटनेतील हक्कांच्या सनदेचे कलम १५ देखील सरकारलाच बांधते. खाजगी भेदभावासाठी प्रांतांचे मानवी हक्क कायदे आहेत.

म्हणजे दक्षिण आफ्रिकेने संसदेला कायदा करायला घटनेतूनच भाग पाडले, अमेरिकेला शंभर वर्षे लागली, आणि आपल्याकडे २०१६ चे भेदभावविरोधी विधेयक लोकसभेत खाजगी सदस्याने, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने, मांडले, पण त्याचा कायदा झाला नाही. अडले आहे ते इथे.

किनारपट्टी

सर्वांची मनापासून आभारी आहे. चवदार तळ्याच्या दाव्यात ‘खाजगी’ हा शब्द होता, हे मला ठाऊक नव्हते. ते वाचून बराच वेळ काही सुचले नाही. वकीलसाहेब, आहे त्या घटनेत मला काहीच करता येणार नाही का?

जुना दिवाणी वकील

एक बारीक वाट आहे. घरमालकाचा विचार क्षणभर बाजूला ठेवा आणि एजंटाकडे पाहा.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत याच अनुच्छेदावर चर्चा चालू असताना ‘दुकान’ या शब्दाची व्याप्ती विचारली गेली. डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिले, की हा शब्द नुसत्या आत जाण्यापुरता नसून सेवा मिळण्याच्या व्यापक अर्थाने वापरला आहे. डॉक्टर-वकिलांविषयी विचारल्यावर, आपली सेवा देऊ करणारा प्रत्येक जण यात येतो, असे त्यांनी सांगितले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खाजगी महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या प्रकरणात याच स्पष्टीकरणाचा आधार घेतला. घरे दाखवणारा एजंट दलाली घेऊन सर्वांना सेवा देऊ करतो. मग आडनाव ऐकून ती सेवा थांबवणे अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात बसते, असे मी न्यायालयात म्हणेन. हा माझा युक्तिवाद आहे, निकाल नव्हे. अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय कोणत्याही व्यक्तीविरुद्ध आदेश देऊ शकते, हेही लक्षात घ्या.

व्हॉट्सॲपवरचा तो ‘चालत नाही’ असा निरोप पुसू नका. तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, इतर दोन प्रसंगांच्या नोंदीही आजच लिहून ठेवा, आणि कागद घेऊन एखाद्या घटनात्मक बाबी चालवणाऱ्या वकिलाला भेटा.