मदत हवी आहे: स्विफ्ट डिझेल, २ लाख किमी पार, आधी काय बदलू?

शाहूपुरीकर:
२०१२ ची व्हीडीआय, २,१०,००० किमी. साताऱ्याहून पुण्याला सारखं जाणं-येणं, अधूनमधून कास. सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड, स्पीडब्रेकरवर पुढे डावीकडे टकटक. मेकॅनिकने टायमिंग चेन, क्लच, शॉकअप, होज अशी यादी दिलीय. २०२७ ला पासिंग करून पुढेही गाडी ठेवायचीय. आत्ता काय, नंतर काय?

दहाचा पाना:
सगळं एकदम करू नका. आधी खडखड. क्रँक आणि वाल्व्हचा मेळ ठेवायला या १.३ इंजिनाला बेल्ट नाही, चेन आहे आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल कमी किंवा जुनं असलं की दाब येईपर्यंत चेन सैल राहते. डिपस्टिक बघा, मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं ऑइल आणि फिल्टर टाका. तरी आवाज राहिला तर चेन, टेन्शनर, गाइड, स्प्रॉकेट असं पूर्ण किट, आणि तेव्हा चालढकल नको. चेन दात सोडून घसरली की वाल्व्ह पिस्टनला भिडतात आणि हेड उतरवावं लागतं.

क्लच: यवतेश्वरच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबा. आरपीएम वाढतो पण वेग नाही, तर प्लेट घसरतेय. नसेल तर हात लावू नका. काम निघालंच तर प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग एकदमच. गिअरबॉक्स दोनदा उतरवायची मजुरी कोण देणार? क्रँकच्या मागच्या सीलला ओल आहे का तेही तेव्हाच दिसतं.

गोडोली नाका:
टकटक म्हणजे शॉकअपच असं नाही. बहुतेकदा लिंक रॉड (स्टॅबिलायझर बारला जोडलेली छोटी दांडी) निघतो, तोही स्वस्तात. गाडी जॅकवर घेऊन त्याचे जॉइंट हाताने हलवा, लोअर आर्मचा बुश (चाक धरणाऱ्या खालच्या आर्मच्या सांध्यातलं रबर) टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, सारून बघा. शॉकअपवर ऑइल ओघळलेलं असेल तर बदला, पण जोडीने.

रबर किमीपेक्षा वयाने जातं. इंजिन गार असताना रेडिएटरचे होज दाबा. क्लॅम्पपाशी फुगलेत, भेगा पडल्यात किंवा दाबताना करकरतात तर गेले. कंपनीतून आलेलेच असतील तर तपासत बसू नका, बदलून टाका.

आणि यादीत नाही ते सगळ्यात आधी: ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा ओढतं. घाट उतरताना तापलं की आत वाफ होते, पेडल थेट खाली. दर दोन वर्षांनी बदला, वरून भर घालून नाही, चारही चाकांतून जुनं काढून.

शाहूपुरीकर:
डावा लिंक रॉड हलतोय! पार्ट लोकल चालतील का?

दहाचा पाना:
लिंक रॉड चांगल्या ब्रँडचा असेल तर चालेल. चेन किट मात्र कंपनीचंच घ्या.