स्प्रिंगबॉक्स थकलेले नाहीत
दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाबद्दलचं, म्हणजे स्प्रिंगबॉक्सबद्दलचं, "संघ वयस्कर झालाय, कर्णधार कोलिसीनंतर अंधार" हे मत मला पटलं नाही. धास्ती मात्र समजते. ऑगस्ट २०२५ मध्ये जोहान्सबर्गच्या एलिस पार्क मैदानावर २२-० आघाडी असताना ऑस्ट्रेलियाकडून ३८-२२ हरले, तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला होता.

पण पुढच्याच महिन्यात वेलिंग्टन! मध्यंतराला ७-१० पिछाडी, उत्तरार्धात ३६-०. न्यूझीलंडचा आजवरचा सर्वांत मोठा पराभव. त्याआधी ऑकलंडला न्यूझीलंडकडूनच हरल्यावर प्रशिक्षक इरॅस्मसने संघात भरपूर बदल केले, तरुणांना उतरवलं, त्याचं हे फळ. साशा फाइनबर्ग-म्न्गोमेझुलूने तर डर्बनला अर्जेंटिनाविरुद्ध एकट्याने ३७ गुण केले.

नेतृत्वाचं म्हणाल, तर ते एकट्या कर्णधाराच्या खांद्यावर कधी नव्हतंच. २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात कोलिसी पिवळं कार्ड घेऊन दहा मिनिटं बाहेर बसला होता, तरी घडी विस्कटली नाही. आणि त्याआधीची इंग्लंडविरुद्धची उपांत्य लढत आठवा: बदली आलेल्या ओक्स एन्चेने स्क्रममध्ये (दोन्ही संघांचे आघाडीचे खेळाडू एकमेकांना भिडून ढकलतात ती झुंज) समोरच्याला रेटलं, पेनल्टी मिळाली, आणि बदलीच आलेल्या पोलार्डने जवळपास मध्यरेषेवरून चेंडू खांबांमधून काढला. १६-१५. बाकावरची माणसं अशी तयार ठेवणं, हीच खरी घडण.

मला काळजी आहे ती फक्त एबेन एत्झेबेथच्या जागेची. लाइनआउटमध्ये (बाजूच्या रेषेवरून आत फेकलेला चेंडू उंच उडी मारून पकडण्याची चढाओढ) तसा दरारा असलेला गडी अजून दिसत नाही.