संशय आला तरी गप्प बसायचं? नाणेलिलावातल्या विक्रेत्यांबद्दल

अंकुशधर
काल जुनाखोड यांनी इथे लिहिलं: "लिलावात फसणारा स्वतःच्या हावेपायी फसतो. अठरा हजारांत शिवकालीन सोन्याचा होन मिळेल असं ज्याला वाटलं, त्याची कीव कशाला करायची? संशय आला तर बोली लावू नका, पुढे चला. विक्रेत्याची चारचौघांत बदनामी करण्याचा हक्क तुम्हाला कुणी दिला?" त्याखाली चाळीसेक जणांनी अंगठे दिले. ते बघून रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

होनाचं बाजूला ठेवू. माझी गोष्ट अंकुशी रुपयांची आहे, म्हणजे अंकुशाची खूण असलेल्या मराठेकालीन चांदीच्या रुपयांची. गेल्या दिवाळीनंतर एका लिलाव साइटवर पाच अंकुशींचा लॉट आला. मी कमाल बोली टाकली १४,००० रुपये; साइट त्या मर्यादेपर्यंत लागेल तेवढीच बोली वाढवत नेते. नगाला २,८०० पडतात, म्हणजे बाजारभावच. यात हाव कुठे आली? इतर दोघे ६,२०० वर थांबले होते. शेवटच्या दिवशी एक कोरं खातं आलं, ज्याच्या नावावर एकही व्यवहार नव्हता. ते शंभर-शंभरने चढत चढत माझ्या चौदा हजारांपर्यंत आलं, एक उडी वर मारली आणि थांबलं. लिलाव त्याने जिंकला. दुसऱ्या दिवशी विक्रेत्याचा निरोप: "जिंकणाऱ्याने माघार घेतली, तुमच्या बोलीत देतो." मी पैसे पाठवले. जे ६,३०० ला सुटलं असतं ते मी चौदाला घेतलं, कारण माझी शेवटची पायरी कुठे आहे हे त्या कोऱ्या खात्याने चाचपून घेतलं होतं.

पार्सल आलं. सराफाच्या काट्यावर ठेवलं तर ९.१, ९.१, ९.०, ९.१, ९.१. अंकुशी सव्वाअकरा ग्रॅमच्या आसपास भरायला हवी. मग भिंग लावलं. पाचही नाण्यांवर अंकुशाच्या डावीकडे सराफाचा टोचा (चांदी तपासताना सराफ मारायचे ती खूण), त्याच जागी, त्याच तिरक्या कोनात. हाताने पाडलेली पाच नाणी, पाच वेगळ्या वाटांनी फिरलेली, आणि टोचा एकाच ठिकाणी? एका नाण्यावरून साचा काढून ओतलेली होती सगळी. लॉटच्या फोटोत नाणी एकमेकांवर अशी रचली होती की टोचा एकाच नाण्याचा दिसावा.

साइटने कळवलं, जुन्या वस्तूंच्या अस्सलपणाची हमी आम्ही देत नाही. विक्रेत्याचं खातं तोवर बंद. पण खरं लागलं ते पुढचं. मी इथे फोटो टाकल्यावर तिघांनी खाजगीत लिहिलं, "लॉट बघूनच शंका आली होती, पण म्हटलं कशाला उगाच." तिघांनी! त्यातल्या एकाने लिलावाखाली नुसतं "वजन किती?" विचारलं असतं तर मी थांबलो असतो. जुनाखोडसाहेब, तुमचं "पुढे चला" म्हणजे नेमकं हेच.

जुनाखोड
तुमचं नुकसान झालं याचं वाईट वाटलं, मनापासून. पण तुम्ही नाण्याची एकच बाजू दाखवताय.

२०१९ मध्ये मी वडिलांच्या संग्रहातल्या अकरा शिवराया, म्हणजे तांब्याची मराठेकालीन नाणी, विकायला काढल्या. फोटो मोबाइलवर, ट्यूबलाइटखाली काढलेले. एका समूहावर कुणीतरी लिहिलं, "कडा ओतीव दिसते." तासाभरात पन्नास जण. एकालाही नाणं हातात घ्यावंसं वाटलं नाही. माझ्या नावाचा स्क्रीनशॉट चार समूहांत फिरला, खाली लाल अक्षरांत "सावधान". वडील जाऊन दीड महिना झाला होता. पुढे जाणत्या माणसाला प्रत्यक्ष दाखवल्या, अकराच्या अकरा अस्सल निघाल्या. झिजलेल्या होत्या, एवढंच. त्या पन्नासांतल्या एकानेही "चुकलं" म्हटलं नाही. आजही जुन्या बाजारात रविवारी एकदोन जण मला बघून कुजबुजतात.

तुमचे चौदा हजार गेले. माझं नाव गेलं. यातलं काय परत मिळतं ते सांगा.

सराफकट्टा
दोघांनाही एकच सांगतो: फोटोवरून अस्सल-नक्कल ठरवणं बंद करा. वजन, कड, आवाज. ओतीव नाण्याच्या कडेला बहुतेकदा सांध्याची रेघ असते, ती कानशीने घासलेली असते. पृष्ठभागावर बारीक फुगे-खड्डे. सोन्याची घनता १९.३, पितळेची साडेआठच्या आसपास. अस्सल होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास; त्याच आकाराचा पितळी होन तेवढा कसा भरेल? तो दीडपर्यंतही जात नाही. वजन मागितल्यावर जो विक्रेता "हातात घेतल्यावर कळेल" म्हणतो, त्याच्याकडे काटा नाही असं मी मानतच नाही.

आणि जाता जाता, चिंच-मीठ लावून शिवराई घासणाऱ्यांनी कृपा करून थांबावं. दोनशे वर्षांचा रंग दोन मिनिटांत जातो, आणि मग अस्सल नाणंही कालच ओतल्यासारखं दिसतं. जुनाखोडकाका, तुमच्या शिवराया घासलेल्या होत्या का? राग मानू नका, खरंच विचारतोय.

जुनाखोड
आईने धुतल्या होत्या. लिंबाने. तेवढ्यावरून मी चोर ठरतो का?

माणदेशी
वजनाबिजनाच्या आधी वर्णन वाचा. "आजोबांना शेत नांगरताना सापडलं" असं लिहिलेलं दिसलं की मी तिथूनच उठतो. फसवणाऱ्याचं हे सगळ्यात आवडतं वाक्य. बिल नाही, मालकीचा इतिहास नाही, आजोबांना विचारायची सोय नाही.

वकिली चष्मा
आणि ते वाक्य खरं असलं तर भानगड आणखी मोठी. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास शिक्षा आहे. शिवाय शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे विक्रेता खोटं बोलतोय किंवा गुन्हा कबूल करतोय. दोन्ही वेळा लांब राहा.

माणदेशी
अहो वकीलसाहेब, मी फसवणाऱ्यांबद्दल बोललो, तुम्ही शेतकऱ्यावर घसरलात. आमच्या भागात खरंच सापडतं. माझ्या चुलत्याला विहीर खोदताना गाडगं लागलं होतं, तांब्याच्या नाण्यांचं. कळवायचं म्हणजे काय, ठाऊक आहे? आधी पंचनामा, मग "अजून कुठे दडवलंय" म्हणून घराची उलथापालथ, मग तालुक्याला खेपा, तेही ऐन पेरणीत. चुलत्याने ते गाडगं मोडीत घातलं. किलोवर.

वकिली चष्मा
आणि इतिहास वितळला. याचं समर्थन करताय तुम्ही? कायद्यात सापडणाऱ्याचा हिस्सा आहे. मालकी सांगणारा कुणी पुढे आला नाही आणि दुसरा काही करार नसला, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे, एक जमीनमालकाचा. सरकारला हवं असेल तर मोबदला देऊन घेतं.

माणदेशी
कागदावर. तुम्ही कधी तलाठ्याच्या दारात तीन तास उभे राहिलाय का?

वकिली चष्मा
माझा अर्धा जन्म तहसील कचेरीत गेलाय. तुम्ही आवाज चढवल्याने १८७८ चा कायदा बदलत नाही.

माणदेशी
आवाज तुम्ही चढवलात. गाडगं मोडीत गेलं याचं मलाही दुःख आहे, त्यातली दोन नाणी मी चोरून ठेवलीत. आता करा तक्रार माझी!

ठाणेकरीण
दोघांनी जरा थांबा. अंकुशधर यांनी विचारलं काय, आपण पोचलो कुठे.

मी सात वर्षं लिलावात घेते, तेव्हा मी काय बघते ते सांगते. विक्रेत्याच्या नावावर दोनशे चांगले शेरे आहेत, ठीक. ते कशाबद्दल मिळाले? एका खात्याचे सगळे शेरे दहा-दहा रुपयांच्या पोस्टाच्या तिकिटांवर मिळवलेले होते, आणि एका सकाळी अचानक चांदीचे रुपये विकायला काढले. खातंच विकत घेतलेलं असावं. दुसरं, फोटोची पार्श्वभूमी. मागच्या वर्षी मला तीन वेगळी खाती सापडली, तीन वेगळ्या शहरांची, पण तिन्हींच्या फोटोत नाण्याखाली तेच निळ्या फुलांचं मेणकापड, आणि त्याच फुलावर सिगरेटने जळाल्याचा तोच तपकिरी डाग.

मी कुणाला चोर म्हटलं नाही. तिन्ही लॉटखाली एकच प्रश्न टाकला: "आजच्या तारखेच्या चिठ्ठीसोबत, काट्यावर ठेवलेला फोटो आणि कडेचा फोटो द्याल का?" दोन लॉट संध्याकाळपर्यंत काढून घेतले गेले. तिसऱ्याने मला शिव्या दिल्या.

आणि हे फक्त विकणाऱ्यांपुरतं नाही. माझ्या सासऱ्यांना वैष्णोदेवीच्या पाच रुपयाच्या नाण्याचे लाखो देतो म्हणून फोन आला, वर रिझर्व्ह बँकेची "नोंदणी फी" मागितली, साडेसात हजार. त्यांनी भरली. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं होतं की ती अशा व्यवहारांत नाही आणि कसली फी घेत नाही. घरात कुणाला सांगायची त्यांना लाज वाटली, आम्हाला तीन महिन्यांनी कळलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तासाभरात फोन केला असता तर कदाचित पैसे वाटेत अडले असते. "हाव होती म्हणून फसला" हे वाक्य ऐकलं की मला त्यांचं खाली घातलेलं डोकं आठवतं. त्या लाजेनेच माणूस उशिरा तोंड उघडतो.

लीड्सकर
इकडचं सांगतो. ईबेवर वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर तीस दिवसांत पैसे परत मागता येतात, आणि ते बहुतेकदा मिळतातही. म्हणूनच फसवणारा पहिल्याच निरोपात तुम्हाला साइटबाहेर ओढतो: "पेपॅलवर फ्रेंड्स अँड फॅमिलीने पाठवा, स्वस्तात देतो." म्हणजे ओळखीच्यांना पाठवतात तसे. तसे पाठवलेत की संरक्षण संपलं. भारतात ईबे इंडिया २०१८ मध्ये बंद झालं आणि आपले कितीतरी लोक व्हॉट्सअॅप-फेसबुकच्या लिलावांवर गेले. तिथे तर आगाऊ यूपीआय आणि देवावर भरवसा. तिथे एकमेकांना सावध करण्याखेरीज हातात दुसरं आहे काय? म्हणून मी अंकुशधरांच्या बाजूने.

वकिली चष्मा
माणदेशींशी नंतर बोलतो. मूळ मुद्द्यावर दोन गोष्टी. अंकुशधर, कोऱ्या खात्याची बोली विक्रेत्याचीच होती हे दाखवता आलं, तर १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ६४ बघा. किंमत फुगवायला विक्रेत्याने खोटी बोली लावली तर खरेदीदाराला तो व्यवहार रद्द ठरवता येतो. साइटकडे दोन्ही खात्यांची माहिती असते, ती मागा. दुसरं, २०२० च्या ई-व्यापार नियमांनुसार साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्यात निवारण करायचं. मात्र घरातली एखादी वस्तू कधीतरी विकणाऱ्या व्यक्तीला ते नियम लागू नाहीत. म्हणून हे लोक "वैयक्तिक संग्रह" असं लिहितात. तीस लॉट विकणाऱ्याचा कसला वैयक्तिक संग्रह? त्याच्या जुन्या लॉटचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, तो नियमित धंदा करतो हे त्यातूनच दाखवता येतं. ग्राहक हेल्पलाइन १९१५.

अंकुशधर
आभारी आहे, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. जुनाखोडसाहेब, तुमच्या शिवरायांचं वाचून मात्र गलबललो. मी त्या पन्नासांत नव्हतो, पण तो स्क्रीनशॉट मला आला होता आणि मी पुढे ढकलला होता. चुकलं माझं. ज्या समूहात पाठवला होता, तिथेच आज रात्री तसं लिहितो.

तरी "गप्प पुढे चला" मला मान्य नाही.

जुनाखोड
सहा वर्षांनी पहिल्यांदा कुणीतरी हे म्हटलं. वाचून थोडा वेळ फोन बाजूला ठेवला.

ठाणेकरीण ताईंचं म्हणणं मान्य करतो, पूर्ण नाही, पण करतो. मला त्या दिवशी कुणी "वजन सांगा, कडेचा फोटो द्या" एवढंच विचारलं असतं तर मी दहा मिनिटांत दिलं असतं आणि विषय मिटला असता. विचारणं आणि "सावधान" लिहिणं यांतला फरक पाळणार असाल तर माझी हरकत नाही. हावेबद्दलचं वाक्य मात्र मी मागे घेत नाही. अठरा हजारांच्या होनावर बोली लावणाऱ्याने आधी स्वतःला विचारावं.

ठाणेकरीण
सासऱ्यांबद्दलही तेच म्हणाल?

जुनाखोड
नाही. त्यांच्याबद्दल नाही म्हणणार.

सराफकट्टा
तो अठरा हजारांचा होन अजून लिलावात आहे. उद्या रात्री नऊला संपतोय. बोली एकवीसवर गेलीय, पाच जण आहेत.

माणदेशी
वर्णनात काय लिहिलंय?

सराफकट्टा
"पणजोबांना शेतात सापडलेला."

जुनाखोड
त्याखाली वजन आणि कडेचा फोटो मागितलाय, आत्ताच, माझ्या नावाने. उत्तर आलं की इथे टाकतो.