मदत हवी आहे: खुर्चीत बसून बाळाशी कोणते खेळ खेळता येतील?

सोलापूरच्या उन्हात दुपारी बाहेर पडायची सोय नाही. आम्ही दोघं कामावर, त्यामुळे नऊ महिन्यांची लेक सासूबाईंकडे. त्यांचे गुडघे दुखतात, खाली बसवत नाही. ती जमिनीवर चादरीवर, आजी खुर्चीत. अडचण तिथेच आहे.

बुवा कुक अजून चालतं. वाटीखाली चेंडू लपवला की बरोबर शोधते. डबे वाजवणं मात्र आजीनं बंद केलं (डोकं उठतं म्हणे!). विकतची खेळणी लगेच भिरकावते. रांगते, आधारानं उभी राहते, हाती लागेल ते तोंडात घालते, म्हणून मणी, बिया, फुगे नकोत. मोबाइलही नको, वर्षाच्या आतल्या बाळांना स्क्रीन नको असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

आजीला खुर्चीतून न उठता, घरातल्याच वस्तू घेऊन, बाळही उलट प्रतिसाद देईल असे आणखी कोणते खेळ खेळता येतील?